जिल्हा मार्गांवर सायकलला दीड मीटर द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सोलापूर शहरात स्वतंत्र सायकल ट्रॅक हवा की नको, याविषयी आपल्या वाचकांच्या पत्रांतून गेले काही आठवडे चर्चा चालू आहे. ट्रॅक केला तर त्यावर हातगाड्या आणि चारचाकी उभ्या राहतील, असे एका बाजूचे म्हणणे आहे. ट्रॅकशिवाय सायकल चालवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे, असे दुसऱ्या बाजूचे. दोन्ही म्हणणी खोटी नाहीत. मात्र सायकल ही शहरापुरती, पहाटेच्या तासाभराच्या व्यायामाची वस्तू आहे, असे या चर्चेत सर्वांनीच गृहीत धरलेले दिसते. शहराची हद्द संपल्यावर तालुक्यातालुक्यांत जे शेकडो किलोमीटरचे डांबरी रस्ते पसरले आहेत, त्यांचा कोणी उल्लेखही केला नाही, म्हणून हे पत्र.

माझी मुलगी व जावई फ्रान्समध्ये बोर्दो येथे राहतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे गेलो असता जावयांनी मला आणि दोन सायकलींना घेऊन सार्ला या गावची रेल्वे पकडली. तिकडच्या प्रादेशिक रेल्वेगाडीत सायकल डब्यातच, वेगळे भाडे न देता नेता येते. सुमारे तीन तासांत आम्ही दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात उतरलो आणि पुढील सहा दिवस रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरलो. मी एकसष्ट वर्षांचा, गुडघे तक्रारखोर, आणि सायकल जावयांच्या मित्राची उसनी. यावरून हे काही पराक्रमाचे वर्णन नाही, हे आपल्या लक्षात येईल.

त्या भागाची जमीन आपल्या माळासारखी सपाट नाही. टेकडी चढावी, उतरावी, ओढा ओलांडावा आणि पुन्हा चढावे, असा तिथला क्रम. अक्रोडाच्या बागा, गवताची कुरणे आणि मधल्या उंचवट्यांवर मधाच्या रंगाच्या दगडाची गावे. नदीच्या एका काठावर बेनाकचा किल्ला, तर पलीकडे कास्तेलनोचा. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात १३३७ ते १४५३ या काळात जे शतवर्षीय युद्ध झाले, त्यात ही नदीच सीमा होती आणि हे दोन किल्ले समोरासमोर उभे राहून एकमेकांवर नजर ठेवत होते. दोम हे गाव १२८१ मध्ये फ्रान्सच्या राजाने वसवले, तर तिथून काही अंतरावरचे मोंपाझिए १२८४ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने. काटकोनात आखलेल्या गल्ल्या, मधोमध चौक, चौकाभोवती कमानी आणि एका कडेला लाकडी छपराचा बाजारकट्टा अशी ही गावे आजही राहती आहेत. ज्याला किल्ल्यांची आवड आहे त्याने मोटारीने जावे, पण दोन किल्ल्यांमधले अंतर पायांना कळावे असे वाटत असेल, तर सायकलला पर्याय नाही.

तरीही माझ्या मनात घर करून राहिले ते किल्ल्यांपेक्षा रस्ते, आणि पत्राचा विषय तोच आहे. पहिल्याच दिवशी कडेला पिवळ्या डोक्याचा किलोमीटरचा दगड दिसला आणि मी दचकलो. आपल्याकडे पिवळे डोके राष्ट्रीय महामार्गाचे, हिरवे राज्य महामार्गाचे आणि नारिंगी ग्रामीण रस्त्याचे. “आपण महामार्गावर कसे आलो?” असे मी जावयांना विचारले. तेव्हा समजले की तिकडे लाल डोके राष्ट्रीय मार्गाचे असते आणि पिवळे असते ते ‘देपार्तमाँ’च्या, म्हणजे आपण जिल्हा म्हणावा अशा विभागाच्या रस्त्याचे. आपल्या भाषेत तो ‘प्रजिमा’, प्रमुख जिल्हा मार्ग. फ्रान्समधील एकंदर रस्ते दहा लाख किलोमीटरांहून अधिक आहेत. त्यांपैकी सुमारे पावणेचार लाख किलोमीटर या विभागीय रस्त्यांचे आहेत, तर राष्ट्रीय मार्ग आणि टोलचे महामार्ग मिळून वीस हजारांच्या आसपास भरतात. लांब पल्ल्याची मालवाहतूक त्या वीस हजारांवर जाते. उरलेल्या रस्त्यांवर शेतकरी, टपालाची गाडी, शाळेची बस आणि आमच्यासारखे दोन सायकलवाले. सहा दिवसांत मला सायकलसाठी मुद्दाम बांधलेला रस्ता एकदाच लागला आणि तोही बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून केलेला. बाकी सारा प्रवास सर्वांच्या, साध्या, जेमतेम दोन गाड्या जातील एवढ्या रुंदीच्या डांबरी रस्त्यांवरून झाला.

दोमचा चढ नदीपासून सुमारे दीडशे मीटर उंचीचा आहे. त्या चढावर मी सर्वांत हलक्या गिअरवर धापा टाकत असताना मागून ट्रॅक्टरचा आवाज आला. सोलापूरच्या सवयीने मी हँडल वळवून साइडपट्टीवर उतरू लागलो, तोच मागून जावई ओरडले, “बाबा, उतरू नका, सरळ चालत राहा!” ट्रॅक्टर, त्याच्यामागे दोन मोटारी, असे सगळे माझ्या गतीने, ताशी सहा-सात किलोमीटर वेगाने, वळण संपेपर्यंत मागे राहिले. कोणी हॉर्न वाजवला नाही. पुढचा रस्ता दिसू लागताच ट्रॅक्टर पलीकडच्या अर्ध्यात जाऊन मला ओलांडून गेला आणि चालवणाऱ्याने दोन बोटे वर केली. संध्याकाळी जावयांनी नियम सांगितला: सायकलस्वाराला ओलांडताना गावात किमान एक मीटर आणि गावाबाहेर किमान दीड मीटर अंतर सोडलेच पाहिजे. एरवी ओलांडण्यास मनाई असलेली मधली सलग पांढरी रेघसुद्धा, समोरचा रस्ता मोकळा दिसत असेल तर, केवळ सायकलला जागा देण्यासाठी ओलांडण्याची मुभा २०१५ पासून तिथल्या कायद्यानेच दिलेली आहे. शिवाय गावाच्या नावाची पाटी हीच वेगमर्यादेची पाटी असते. नाव दिसले की ताशी पन्नास, आणि त्याच नावावर तांबडी तिरकी रेघ दिसली की गाव संपले. वेगळा खांब नाही, वेगळा खर्च नाही.

पाण्याचेही तसेच. गावात दुकान असेलच असे नाही, पण दफनभूमी असतेच आणि तिच्या भिंतीशी फुलझाडांसाठी नळ असतो. पाणी पिण्यालायक नसेल तर तशी पाटी लावलेली असते. अशाच एका नळावर आम्ही बाटल्या भरून घेतल्या. रात्री हे फोनवर सांगितले तेव्हा सौ.ने पहिला प्रश्न विचारला तो, “स्मशानातले पाणी प्यायलात?” असा. पुढचे दोन दिवस मी फक्त चर्चजवळच्या नळाचा उल्लेख केला.

सगळेच गोड होते असे मात्र नाही. दुपारी बारा ते दोन गावे कुलूपबंद असतात. सोमवारी एका गावची एकुलती एक बेकरी बंद मिळाल्याने आम्ही दोन केळ्यांवर तीस किलोमीटर काढले. कित्येक देखण्या घरांच्या खिडक्या वर्षातले दहा महिने मिटलेल्या असतात, कारण मालक शहरात राहतात. मोटार अंगावर घातल्यासारखी नेणारे दोघे तिकडेही भेटले. पण असे सहा दिवसांत दोघेच भेटले, यावरून बाकीच्यांची सवय कळते.

आता आपल्याकडे यावे. हे गिरण्यांचे शहर होते तेव्हा भोंगा वाजला की सायकलींचा लोंढा रस्त्यावर येई आणि इतर वाहने त्यातून वाट काढत. माझे वडील त्या लोंढ्यात असत. म्हणजे सायकलला जागा देणे ही आपल्याकडे परदेशातून आणायची गोष्ट नाही. लोंढा आटला तेव्हा ती सवयही सुटली, एवढेच. आज विजापूर महामार्ग सोडून दक्षिण सोलापुरातल्या आतल्या रस्त्याला लागले, की डिसेंबरच्या सकाळी दोन्ही बाजूंना निसवलेली ज्वारी, मधे एखादी करडईची पट्टी, माळवदाची घरे आणि तासाला मोजून चार-दोन वाहने असे दृश्य असते. उत्तरेला नान्नजच्या माळरानावर रस्त्यावरून काळवीट दिसतात. माचणूरला भीमेच्या काठी सिद्धेश्वराच्या पायऱ्यांवर बसून डबा खाताना, औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे याच परिसरात होती, हे आठवून माणूस घास हळू चावतो. आणि सुमारे चाळीस किलोमीटरवर, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल आहे, जिथे संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. ‘वाछि तो विजेया होइवा’, जो वाचील तो विजयी होईल, असे त्यात कोरले आहे. दोम आणि मोंपाझिए वसण्याच्या अडीचशे वर्षांहून आधीचा हा दगड. तो पाहायला मोटारीने येणारे येतात, पण सायकलने जाणारे आम्ही चौघे सोडून मला फारसे कोणी दिसलेले नाही.

न दिसण्याचे कारण चढ नाही आणि अंतरही नाही. गेल्या गाळप हंगामात पहाटे परत येताना उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावरून गेला. पहिली ट्रॉली गेली म्हणून मी आत वळलो आणि दुसरी ट्रॉली अंधारात दिसलीच नाही, कारण तिच्या मागे-पुढे एकही रिफ्लेक्टर नव्हता. बाहेर आलेल्या उसाच्या वाढ्याने पाठ खरवडली. मी साइडपट्टीवर उतरलो, तर तिथे वेड्या बाभळी रस्त्यापर्यंत झुकलेल्या; दोन्ही चाकांत मिळून पाच काटे निघाले. ट्यूबला एवढे पॅच एका वेळी मी कधीच लावले नव्हते. ड्रायव्हरला मी दोष देत नाही. तो रात्रभर रांगेत थांबलेला असतो आणि सायकलला किती जागा सोडायची, हे त्याला कोणी कधी सांगितलेले नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, शहरातल्या ट्रॅकचा निर्णय व्हायचा तेव्हा होवो, तोवर जिल्ह्यातला एक रस्ता, आणि तो कुडलचा, सायकलसाठी धरून पाहावा. त्यासाठी नवे डांबर नको आहे. साइडपट्टीवरच्या वेड्या बाभळी पावसाळ्यानंतर एकदा तोडाव्यात. हंगाम सुरू होण्याआधी कारखान्यांच्या गेटवरच प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावल्याशिवाय वजनकाट्यावर घेऊ नये. आणि ‘सायकलला दीड मीटर’ अशा चार पाट्या मराठीत आणि कन्नडमध्ये लावाव्यात. सीमाभाग असल्याने ट्रॅक्टरवाले दोन्हीकडचे असतात. पाटीसाठी आम्ही संबंधित कार्यालयात अर्ज केला होता. ‘सदर रस्त्यावर सायकलींची संख्या नगण्य असल्याने’ तो निकाली काढण्यात आला. रस्ता धोक्याचा म्हणून सायकली येत नाहीत आणि सायकली येत नाहीत म्हणून रस्ता धोक्याचाच राहतो, हे त्या उत्तर लिहिणाऱ्याच्या लक्षात आले नसावे.

गावांकडून सहकार्य मिळणार नाही, ही शंका मला मुळीच नाही. फ्रान्समध्ये १८९१ साली सुरू झालेली पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही बाराशे किलोमीटरची सायकल फेरी आता दर चार वर्षांनी होते, ती जास्तीत जास्त नव्वद तासांत पुरी करायची असते आणि आपल्याकडचे सायकलस्वारही तिच्यात भाग घेतात. त्या वेळी वाटेवरचे गावकरी रात्रभर दारात टेबल मांडून पाणी आणि कॉफी देत बसतात, याचे तिकडे फार कौतुक होते. ज्या जिल्ह्यात आषाढीला पालख्यांच्या वाटेवरच्या घराघरांतून पिठलं-भाकरी आणि चहा निघतो, त्या जिल्ह्याला यात नवे काय वाटावे? कुडलच्या वाटेवर एका वस्तीवरच्या आजी आम्हाला प्रत्येक खेपेला थांबवून ताक देतात, आणि एवढ्या महागाच्या सायकलला मागे कॅरिअर का नाही, हा त्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

जाता जाता बार्शीकरांसाठी एक. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ब्रॉडगेज झाली हे उत्तमच झाले, पण त्या कामात मार्ग धाराशिवकडे वळवला गेला तेव्हा जुन्या वाटेचे काही तुकडे मागे सुटले. सार्लाजवळच्या ज्या रेल्वेमार्गावरून आम्ही गेलो तो पाहताना मला सारखी त्या तुकड्यांची आठवण होत होती. चढ-उतार सौम्य असल्याने अशा वाटेवर लहान मुलेसुद्धा सायकल चालवू शकतात. त्या जमिनीची आजची स्थिती कोणी जाणकाराने आपल्या वृत्तपत्रातून सांगितली तर आनंद होईल.

आम्ही चौघांनी आमच्यापुरते काम सुरू केले आहे. गेल्या रविवारी कोयता बरोबर नेऊन कुडलच्या रस्त्यावरचे बाभळीत गेलेले किलोमीटरचे दोन दगड मोकळे केले. एकाचा रंग आणि आकडा पुरता गेला आहे. दुसऱ्यावर ‘हत्तरसंग’ एवढे वाचता येते. पुढच्या खेपेला रंगाचा डबा नेणार आहोत. फक्त त्या दगडाचे डोके कोणत्या रंगाचे करायचे, म्हणजे तो रस्ता नेमका कोणत्या वर्गात मोडतो, हे संबंधितांनी कळवावे.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर