आई-बाबा, खोकं उघडण्याआधी हे वाचा

पुणे, 12 नोव्हेंबर 2021

ती. आई-बाबा,
सा. न.

एसटीचा संप काही मिटत नाही, म्हणून नानांच्या जीपमधून खोकं पाठवतेय. त्यात फोन आहे. बाबा, रागावू नका. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, म्हणून विचारलंच नाही.

दसऱ्याआधी तुम्हाला चक्कर आली ते मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही काकूंच्या फोनवरून. तेव्हापासून मला नीट झोप नाही. दिवाळीलाही येणं झालं नाही. त्याची भरपाई फोननं होत नाही, हे मला कळतं.

फोन साधाच आहे, जिओफोन नेक्स्ट. 6,499 रुपये, रोख दिले. 1,999 भरून बाकीचे हप्ते अशीही सोय होती, पण त्यात एकूण जास्त पडतात आणि बाबांना हप्ता म्हटलं की जेवण जात नाही. कुणाचं काही देणं नाही.

कुणी तुम्हाला सांगेल की पोरीनं फसून घेतला. जूनमध्ये जाहीर झाला तेव्हा लोकांना वाटलं होतं की अगदीच स्वस्तात मिळेल. गणेश चतुर्थीला येणार होता, चिपच्या टंचाईमुळे दिवाळीवर गेला, आणि किंमत ऐकून बरेच जण हिरमुसले. 2 जीबी रॅम आहे, हळू चालतो, नेट फक्त जिओच्याच सिमवर मिळतं. माझ्या ऑफिसातही म्हणाले की थोडे पैसे घालून दुसरा घे. यातलं काही खोटं नाही. तरी मी हाच घेतला, कारण पडद्यावरचा मजकूर हा वाचून दाखवतो. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत मला तेच हवं होतं. बँकेचा इंग्रजी मेसेज आला तर मराठी करून ऐकवतो. कुणाला वाचायला बोलवायला नको.

आणि याचं मागचं झाकण नखानं उघडतं. बॅटरी हातात काढता येते, सिम तिथेच बसतं. आता असे फोन फार राहिले नाहीत. दुकानात ते झाकण उघडलं आणि मला बाबांचा टॉर्च आठवला. लाइट गेली की अंधारात सेल काढायचे, धोतराला पुसायचे, उलटसुलट करून पुन्हा बसवायचे, आणि मी झाकण घट्ट धरून बसायची. वाटायचं, मी सोडलं तर उजेड येणारच नाही.

आता ऐका. नवा आहे म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवायचा नाही, त्या स्वेटरचं झालं तसं. वापरायचा. बटण दाबल्यावर लगेच काही झालं नाही तर पुन्हापुन्हा दाबू नका, दोन श्वास थांबा. चार्जिंगला देवघराजवळच्या बोर्डावर लावा, उशाखाली नको. कुणी फोन करून ओटीपी मागितला तर सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणाला तरी नाही. आई, गोळ्या बदलून दिल्या असं वाटलं तर पाकिटाचा फोटो काढून मला पाठव. अंदाजानं घेऊ नकोस. साखरेची गोळी जेवणाआधी की नंतर, हे तू अजूनही लपवतेस.

जुना फोन टाकून देऊ नका, बाबांच्या खिशात राहू दे. तुमची सवय मोडायची नाहीये मला.

नाना शनिवारी संध्याकाळी पोचतील. सिम नानाच घालून देतील. मी आठ वाजता व्हिडिओ कॉल लावीन. बाबांना दिव्याखाली बसव, म्हणजे मला चेहरा दिसेल. आणि आई, हात आधी पदराला पुसून घे, कणकेच्या बोटानं फोन उचलला जात नाही.

तुमची,
मनू