पट्टीआधीचे अठरा तास

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली ‘अर्ध्या तासात कळणार अन्नातील जिवाणू’ ही बातमी वाचली. विषय पहिल्या पानावर घेतलात, बरे केलेत. पण अर्धा तास लागतो तो फक्त तपासणीच्या पट्टीवर जिवाणू असल्याची रेषा उमटायला. त्याआधीच्या अठरा तासांबद्दल बातमीत चकार शब्द नाही.

साल्मोनेला या अन्नातून आजार पसरवणाऱ्या जिवाणूचा निकष ‘25 ग्रॅममध्ये आढळू नये’ असा असतो. म्हणजे एक पेशी असली तरी सापडली पाहिजे. 25 ग्रॅम नमुना 225 मिलिलिटर पेप्टोन वॉटरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या पोषक द्रवात, घुसळतात आणि पट्टीवर त्यातले जेमतेम 0.1 मिलिलिटर पडते. ती एकुलती एक पेशी नेमकी त्याच थेंबात येण्याची शक्यता अडीच हजारांत एक. आली तरी उपयोग नाही, कारण पट्टीला मिलिलिटरमागे लाखभर पेशी तरी लागतात. तिथवर पोचायला एका पेशीला पंचवीसेक वेळा दुप्पट व्हावे लागते. दर वीस मिनिटांनी धरले तरी आठ तास गेले. त्यातून वाळवलेल्या किंवा तापवलेल्या अन्नातली पेशी अर्धमेली असते. ती सावरायलाच काही तास घेते. म्हणून हे मिश्रण आधी 37 अंशांवर 18 तास ठेवतात. पेप्टोन वॉटर फ्रिजमधून काढून तसेच वापरले, तर त्यातलेही काही तास ते गरम होण्यातच जातात.

लवंग, दालचिनी पेप्टोन वॉटरमध्ये नेहमीच्या एकास दहा प्रमाणात घेतली तर त्यांच्या तेलानेच जिवाणूंची वाढ थांबते आणि पट्टी कोरी राहते. दालचिनीला एकास शंभर, लवंगेला एकास हजार करावे लागते. अशा कोऱ्या पट्टीच्या भरवशावर माल बाजारात जाईल, याची धास्ती वाटते.

पीसीआर, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी, ‘तासाभरात’ होते असेही छापले आहे. तिलाही वाढवलेलाच नमुना लागतो. शिवाय मेलेल्या पेशींचा डीएनएही तिच्यात दिसतो, म्हणून ‘आढळला’ असा निकाल प्लेटवर जिवंत जिवाणूंची वसाहत वाढवून पक्का करावाच लागतो. झटपट पद्धतींचा खरा फायदा वेगळा आहे: निर्दोष नमुना तीन दिवसांऐवजी दुसऱ्याच दिवशी मोकळा होतो. हे लिहिले असते तरी बातमी मोठीच होती.

आणखी एक. बातमीत साल्मोनेलाला तीनदा ‘विषाणू’ म्हटले आहे. तो जिवाणू आहे. विषाणू पेप्टोन वॉटरमध्ये वाढतच नाही, त्याला जिवंत पेशी लागते. कृपया दुरुस्ती छापावी.

– एक वाचक