आपल्या डब्यात नवं कार्ड बसलं

सोलापूर,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय सिद्ध्या,

दिवाळीत आमच्या गच्चीवर तू दोन तास आरटीएक्स ३०६० या ग्राफिक्स कार्डाचं गुणगान केलंस, मी मान हलवत राहिलो, आणि तुझी पुण्याची गाडी सुटल्यावर भलतंच कार्ड घेतलं. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मला एक वाक्य पुरं करू दिलं नसतंस, म्हणून हे पत्र. आधी सगळं वाच, मग शिव्या घाल.

कॉम्प्युटरचा डबा तोच आहे बे. २०१४ च्या दिवाळीआधी पुण्याच्या तापकीर गल्लीत आपण दोघं सकाळपासून पायपीट करत होतो, आठवतंय? आय-फाइव्ह ४४६० प्रोसेसर, एच-८१ चा मदरबोर्ड, आठ जीबी रॅम आणि तुझ्या हट्टापायी घेतलेलं जीटीएक्स ७५० टीआय कार्ड. पैसे संपत आल्यावर एसएमपीएस (सगळ्यांना वीज वाटून देणारी पेटी) मात्र 'चालतंय की' म्हणून मिळेल तो उचलला. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये कॅबिनेटचं खोकं तुझ्या मांडीवर, मॉनिटरचं माझ्या, आणि समोरचे आजोबा कुर्डुवाडी येईपर्यंत "टीव्ही केवढ्याला पडला?" विचारत होते. पुढं मी रॅम सोळा जीबी केली, एसएसडी टाकली. बाकी अकरा वर्षं कशाला हात लावला नाही.

आता कार्ड बदलायची वेळ का आली ते ऐक. माझ्या डिझाइनच्या कामाला ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. टॉवेलचं जेकार्ड डिझाइन म्हणजे शेवटी चौकटीचा कागद, कुठला धागा वर नि कुठला खाली एवढाच हिशेब. त्याला रॅम लागते आणि डोळे. पण आमच्या मालकांना गेल्या वर्षापासून प्रत्येक नव्या डिझाइनचा व्हिडिओ पाहिजे असतो, बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना पाठवायला. फोनवर फोरकेमध्ये शूट करायचं आणि घरी कापाकापी. आता फोनचा व्हिडिओ एचईव्हीसी या घट्ट आवळलेल्या प्रकारात येतो, तो उलगडायची पूर्ण सोय ७५० टीआयच्या पिढीत नव्हती, म्हणजे सगळा बोजा बिचाऱ्या प्रोसेसरवर. वर कार्डाची मेमरी दोन जीबी. दोन क्लिप एकमेकांवर ठेवून रंग जरा सुधारायला घेतला की 'जीपीयू मेमरी फुल'.

त्यात हे कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानं या पिढीच्या कार्डांसाठी शेवटचा नेहमीचा ड्रायव्हर ऑक्टोबरमध्ये काढला. यापुढं फक्त सुरक्षेपुरते अपडेट, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. त्याच महिन्यात, १४ तारखेला, विंडोज १० चाही नेहमीचा आधार संपला. अकरा मी घेऊ शकत नाही, कारण त्याला इंटेलची आठवी पिढी लागते आणि आपला प्रोसेसर चौथीतला. एकाच महिन्यात दोघांनी हात वर केले. हिचं म्हणणं, "मग नवाच घ्या की." नवा म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळंच आलं, आणि पुढच्या जूनमध्ये पोरीच्या कॉलेजची फी आहे. म्हणून ठरवलं, कार्ड असं घ्यायचं की आज या डब्यात चालेल आणि उद्या नव्यात उचलून लावता येईल.

पहिली चूक तिथंच केली. भाच्याच्या ओळखीतून एक वापरलेलं आरएक्स ५८० स्वस्तात मिळत होतं, आठ जीबीचं. १५ सप्टेंबर २०२२ ला अशा कार्डांवर चालणारं इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद झालं आणि असली कार्डं बाजारात पोत्यानं आली, हे तुला मी काय सांगणार. देणारा म्हणाला, "दोन दिवस लावून बघा, पटलं तर पैसे द्या." त्या कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर आपल्या एसएमपीएसला कुठली? मग हार्ड डिस्कच्या चार पिनांच्या वायरीवरून कन्व्हर्टर जोडला. चालू झालं. विंडोज आलं. भाच्यानं गेम लावला, गाडी पहिल्या वळणावर पोचली आणि टक्! पंखे बंद, स्क्रीन काळी, अख्खा डबा गपगार. खोलीत प्लॅस्टिक तापल्याचा वास. कन्व्हर्टरला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं.

त्या रात्री एसएमपीएस सोडवून टेबलावर घेतला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याचं लेबल वाचलं. वर ठळक अक्षरात ४५०. खाली बारीक तक्त्यात बारा व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, २१६ वॉट! प्रोसेसर नि कार्ड जगतात ते या बारा व्होल्टवर. उरलेले आकडे पाच आणि ३.३ व्होल्टच्या लायनींचे, त्यांची बेरीज करून ४५० छापलेले. आपला प्रोसेसर ८४ वॉटचा, ५८० जोरात असताना १८५ चं. २६९ झाले. आता तुझं ३०६० घे, १७० वॉट, म्हणजे २५४. सिद्ध्या, हा हिशेब तू गच्चीवर केला नव्हतास, आणि मीही नाही. कार्ड दुसऱ्या दिवशी परत दिलं. त्याची त्यात काही चूक नव्हती.

एसएमपीएस बाहेर निघालाच होता, म्हणून म्हटलं आतून एकदा साफ करू. अशोक चौकात घर, शेजारी दोन्हीकडं माग. चोवीस तास कापसाचा तूस हवेत असतो, तो आमच्या वरणभातातही असतो, तर डब्यात नसेल का? प्रोसेसरचा पंखा काढला तर खालच्या हिटसिंकवर पांढरट-करड्या तुसाचा असा दाट थर बसला होता की चिमट्यानं एका कोपऱ्यात धरून उचलला आणि पूर्ण चौकोन अखंड निघाला. अक्षरशः टॉवेलचा तुकडा. मी तो हिला दाखवला, तिनं विचारलं, "किती जीएसएमचा?" (म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम.) रंगाच्या ब्रशनं पात्या झाडल्या, पंखा बोटानं धरून ब्लोअर मारला (धरला नाही तर तो उलटा भिरभिरतो आणि बेअरिंग जातं), वाळून खडूसारखी झालेली पेस्ट पुसून नवी लावली. एडिटिंग करताना प्रोसेसर पंच्याऐंशी अंशाला जायचा तो पासष्टवर आला. निम्मं दुखणं इथंच गेलं. मे महिन्यात आपल्याकडं त्रेचाळीस होतं तेव्हा हा जीव कसा तगला कोण जाणे.

मग नवी पेठेत एका दुकानात गेलो. त्यानं जीटी ७३० काढून काउंटरवर ठेवलं. "तुमचं दोन जीबीचं आहे ना? हे चार जीबी, दुप्पट!" सिद्ध्या, ७३० हे ७५० टीआयपेक्षा कितीतरी दुबळं, त्यात त्याच्यावरची मेमरी जुनी, मंद डीडीआर-३. मी म्हटलं, मालक, आपण सोलापूरकर, चार-पाच दिवसांआड पाणी येतं. घरात बॅरल केवढं आहे याला काय अर्थ, नळाची धार करंगळीएवढी असेल तर? तो हसला, पण कार्ड काही आत ठेवेना. जीबी बघून कार्ड घेणारी माणसं रोज येत असणार त्याच्याकडं.

तू आरएक्स ६५०० एक्सटीचंही नाव घेतलं होतंस, स्वस्त आणि नवं म्हणून. तिथं आपला बोर्ड आडवा येतो. तू पैज लावून म्हणालास, कार्डाचा स्लॉट पीसीआयई ३.० चा आहे (आकडा मोठा तेवढा वेग जास्त). प्रोसेसर ३.० देतो हे खरं, पण एच-८१ त्याला २.० वरच अडवतो. जीपीयू-झेड या कार्ड तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डावर लोड टाकून बघितलं, ७५० टीआयसमोर स्वच्छ दिसलं, ३.० चं कार्ड २.० वर चालतंय. चहा तुझ्याकडं लागला. आता ६५०० एक्सटी सोळा लेनच्या (डेटा जायच्या वाटांच्या) स्लॉटात बसतं खरं, पण वापरतं चारच. त्या २.० च्या चार, म्हणजे सेकंदाला जेमतेम दोन जीबी. वर मेमरी चारच जीबी, ती भरली की त्याच बोळातून ये-जा. आणि मला महत्त्वाचं म्हणजे व्हिडिओ एन्कोड करायची, म्हणजे तयार व्हिडिओ परत आवळून साठवायची सोयच त्या कार्डात ठेवलेली नाही. माझं निम्मं काम तेच आहे. बाद.

राहिली दोन. जीटीएक्स १६५०, चार जीबी, ७५ वॉट. आणि आरटीएक्स ३०५०, पण सहा जीबीचं. इथं नावाचा घोळ आहे, नीट ऐक. आठ जीबीचं ३०५० हे २०२२ चं, १३० वॉटचं, त्याला वेगळी वायर लागते. सहा जीबीचं फेब्रुवारी २०२४ ला आलं. नाव तेच, पण कोअर कमी, मेमरीकडं जाणाऱ्या रस्त्याची, म्हणजे बसची रुंदी १२८ वरून ९६ बिटवर. गेमवाले त्याला नावं ठेवतात आणि ते बरोबरच आहे, एकाच नावाखाली दोन वेगळे माल विकायचे ही शुद्ध लबाडी. पण माझ्यासाठी एका ओळीत सगळं आलं: ७० वॉट. स्लॉट एकटा ७५ देतो, म्हणजे जास्तीची वायर नको, कन्व्हर्टर नको, वास नको. ८४ आणि ७० मिळून १५४, माझ्या २१६ मध्ये आरामात. सहा जीबी मेमरी, एचईव्हीसी उलगडतं, एन्कोडर आहे. लेन आठ वापरतं, २.० वर थोडं नुकसान होणार, ते मी धरून चाललो. वापरलेल्या १६६० सुपरवर मन दोन दिवस अडलं होतं, वेगात ते पुढंच आहे. पण १२५ वॉट, म्हणजे बिनवॉरंटीच्या कार्डासाठी आधी नवा एसएमपीएस. नको म्हटलं.

सतराएक हजाराला पडलं, अठरा टक्के जीएसटीसकट पक्कं बिल, तीन वर्षांची वॉरंटी. त्याच दुकानदारानं पुण्याहून मागवून दिलं. त्याच्या मनात राग नव्हता.

घरी आणलं, बसवलं, कॅबिनेटचं झाकण लावलं, मॉनिटरची वायर हातात घेतली आणि तसाच उभा राहिलो. आपला मॉनिटर निळ्या पिनवाला! ७५० टीआयला व्हीजीए होतं, या कार्डाला नुसतं एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. वॉट मोजले, लेन मोजल्या, बस मोजली, आणि मॉनिटरची पिन बघितली नाही. रात्रीचे साडेनऊ वाजलेले. भाचा पोट धरून हसत होता. दुसऱ्या दिवशी कन्व्हर्टर आणला तेव्हा कुठं स्क्रीन उजळली.

आता चालतंय कसं, ते खरं सांगतो. एडिटिंगमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. चादरीच्या एका व्हिडिओला पूर्वी जेवण होऊन वर झोप व्हायची, आता चहा होतो. मेमरी फुलची पाटी अजून एकदाही नाही. गेममध्ये मात्र भाचा नाराज आहे. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आणि कार्ड पन्नास-साठवर निवांत. त्याला समजावलं, हे बघ, माग कितीही पळणारा असू दे, कांड्या भरणारी एकटी असली की धोटा रिकामा आणि माग उभा. आपल्या प्रोसेसरात चार कोअर आहेत, चार थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), तेवढ्याच कांड्या भरणार. तुझं ३०६० घेतलं असतं तर माग अजून मोठा आणला असता, कांड्या तेवढ्याच.

आणि इथंच तुझं काम आहे. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला येतोयस ना? काकूंनी शेंगाचटणी कुटायला घेतली आहे, तुझी किलोभर वेगळी, असा निरोप आहे. येण्याआधी तापकीर गल्लीत एक चक्कर मार आणि वापरलेला आय-सेव्हन ४७९० कितीला मिळतो बघ. सॉकेट तोच, वॉट तेच ८४, थ्रेड आठ. 'के'वाला देतो म्हणाला तर घेऊ नको, त्याला वॉट थोडे जास्त लागतात. पिना प्रोसेसरला नसून बोर्डाला असतात, पण खालच्या सोनेरी ठिपक्यांवर ओरखडे नाहीत ना, एवढं उजेडात धरून बघ. सोबत एक डबी पेस्टपण आण, माझी संपली.

७५० टीआय पुसून त्याच्याच खोक्यात ठेवलंय. मागच्या चार वर्षांत त्याचा पंखा कुरकुरायचा, त्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकला तर गप झालाय. काकूंच्या जुन्या कॉम्प्युटरवर भजनाचे व्हिडिओ अडकतात म्हणत होत्या. तू आलास की तिकडं लावू.

तुझा,
रम्या