‘काका, कापू का?’ असं विचारणाऱ्या त्या सर्फरला

तुझं नाव लिहीत नाहीये, तूच नको म्हणालास. पण हे सगळ्यांसमोर लिहायचंच होतं, कारण त्या दिवशी जाळ्यात अडकलेलं कासव सोडवलंस आणि मग गोव्यात परतायची केरीची फेरीबोट चुकेल म्हणून तू घाईत निघालास आणि मला धड थँक्यू पण म्हणता आलं नाही. पंधरा दिवस झाले, बाबा अजून रोज सकाळी किनाऱ्यावरून आले की आधी विचारतात, “तो फळीवालो पोरगो इलो काय गो?”

तुला माहीत नाही, पण मागच्या वर्षी आमच्या समोरच असंच एक कासव गेलं. तेव्हाही तुटून वाहत आलेलं तंगूस, म्हणजे बारीक नायलॉनचं जाळं, होतं, तेव्हाही सकाळची वेळ. बाबांना ते किनाऱ्यावरून दिसत होतं, डोकं वर यायचं, श्वास घ्यायचं, परत खाली. बायपास झाल्यापासून त्यांना खोल पाण्यात जायची मनाई आहे आणि वाडीतल्या होड्या सगळ्या बाहेर गेलेल्या. मी फोन लावत होते. पहिल्या नंबरने दुसरा नंबर दिला, दुसऱ्याने विचारलं जिवंत आहे की मेलेलं, मी म्हटलं जिवंत आहे हो, दिसतंय मला, तर म्हणे आज रविवार आहे, उद्या बघतो. संध्याकाळच्या भरतीला ते वाळूवर आलं तेव्हा मेलेलं होतं. कासव राहतं पाण्यात पण श्वास हवेतलाच घेतं, जाळ्यात वर येता आलं नाही की बुडून मरतं, हे मी शाळेत वाचलेलं, पण बघितलं त्या दिवशी. बाबा त्या रात्री जेवले नाहीत.

आणि त्यानंतर महिन्याभराने शहरातून एक ग्रुप आला बीच क्लीनिंगला. एकसारखे टी-शर्ट, मोठा बॅनर. त्यातल्या एका बाईंनी बाबांना जाळं शिवताना बघून सगळ्यांसमोर सुनावलं की तुम्ही लोक जाळी टाकता म्हणून कासवं मरतात. ज्या माणसाने चाळीस वर्षं रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली, ज्याला समुद्राचा वास बदलला तरी कळतं, त्याला! बाबा मान खाली घालून शिवत राहिले. फोटो झाले, भरलेल्या पिशव्या माडाखाली ठेवून सगळे गाडीत बसून गेले, न्यायला कोणी आलंच नाही, दोन दिवसांत कुत्र्यांनी फाडल्या आणि त्यातलं निम्मं प्लॅस्टिक परत समुद्रात. मला अजून राग येतो हे लिहिताना.

म्हणून त्या सकाळी तू लाटांवर स्वार व्हायची ती फळी, तुझा बोर्ड, घेऊन आलास तेव्हा खरं सांगायचं तर मला वाटलं, आला अजून एक. लाटा काही खास नव्हत्या, तू नुसता लांब त्या फळीवर बसून होतास. मग एकदम आडवा झालास आणि हातांनी पाणी मारत वेगळ्याच दिशेला निघालास. बाबा म्हणाले काहीतरी दिसलंय त्याला. आम्ही कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभे राहिलो (डॉक्टरांना सांगू नकोस). तू परत येताना फळीवर बसलेला नव्हतास, पोहत होतास, आणि फळीवर जाळ्याच्या गुंडाळीसकट ते कासव होतं. तीस-चाळीस किलोचा जीव, घाबरलेला, वल्ह्यासारखे पाय झाडणारा, त्याला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने तू पोहत आणलंस. पुढच्या उजव्या पायात तंगूस इतकं रुतलेलं की कातडी आत जाऊन मधे पांढरी रेघ दिसत होती. डोळ्यांतून ते कासवांचं चिकट पाणी वाहत होतं. आई म्हणाली रडतंय. मला माहितीये ते रडणं नसतं, मीठ बाहेर टाकतात ते, पण त्या क्षणी मीही रडतंयच म्हणाले असते.

तुझ्याकडे छोटी सुरी होती, लीशला, म्हणजे पाय आणि फळी जोडणाऱ्या दोरीला, बांधलेली. तू ती काढलीस, पातं जाळ्याखाली सरकवलंस, आणि थांबलास. मान वर करून बाबांकडे बघितलंस. “काका, हे कोणाचं तरी असणार ना. कापू का?”

एवढंच.

मला माहीत नाही तुला हे कसं सुचलं, कदाचित तुझ्या घरीही कोणी जाळं टाकत असेल, मी विचारलं नाही. पण ते तंगूस नवं होतं रे. कर्ज काढून घेतलेलं, आमच्याच वाडीतल्या एकाचं, चार दिवसांपूर्वी रात्री मोठ्या बोटीने तोडून नेलेलं. बाबांनी जाळ्याचे तरंगते बोये बघूनच ओळखलं होतं पण तोंडातून शब्द काढला नव्हता, कासव समोर मरत असताना जाळ्याचं बोलायचं कसं. तुझ्या विचारण्याने ते मोकळे झाले. म्हणाले, “काप. जाळां परत इणूक येता.” आणि मग स्वतःच हात घालून तुला दाखवायला लागले कुठे कापलं तर कमीत कमी फाटेल. तुम्ही दोघं वाकून दहा मिनिटं एक-एक धागा सोडवत होतात आणि ज्या माणसाला वर्षभरापूर्वी सगळ्यांसमोर गुन्हेगार केलं होतं तो तुला समुद्र शिकवत होता. माणसाला माणूस समजून विचारणं याला काय पैसे पडतात? पण ते फार कमी जणांना येतं, शिकलेल्यांना तर त्याहून कमी.

कासव सुटल्यावर तू स्वतःचा टी-शर्ट भिजवून त्याच्या पाठीवर टाकलास, नाक-डोळे मोकळे ठेवून, आणि उन्हात उघडा बसून राहिलास कासवमित्र येईपर्यंत. दुपारनंतर ते पाण्यात गेलं तेव्हा बाबांनी विचारलं हे आता जाईल कुठे, तर तू बागेश्री नावाच्या कासवीणीचं सांगितलंस, 2023 मध्ये गुहागरला उपग्रहाने माग काढायचा टॅग लावून सोडलेली, श्रीलंकेला वळसा घालून पार बंगालच्या उपसागरात गेली ती. बाबांच्या लहानपणी आमच्याकडे कासवाची अंडी खायचे, लपवण्यासारखं काही नाही त्यात, तेव्हा कोणाला कळतच नव्हतं. तेच बाबा बागेश्रीची गोष्ट आता पोरांना सांगत फिरतात.

चहा पिताना तू म्हणालास की सर्फर तासन्‌तास पाण्यातच बसलेला असतो, त्यामुळे घाण पहिली त्याच्याच अंगाला लागते. पावसाळ्याच्या तोंडावर डांबराचे गोळे येतात ते तुमच्या बोर्डाला आणि पायाला चिकटतात, खोबरेल लावून काढावे लागतात. कुठे सांडपाणी सुटलं तर कान-पोट तुमचं बिघडतं. मी नंतर वाचलं, इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या सर्फरनी याच रागातून 1990 मध्ये संघटना काढली, वेटसूट आणि गॅस मास्क घालून निदर्शनं केली, नाव पण सरळ ‘सर्फर्स अगेन्स्ट सूएज’, सांडपाण्याविरुद्ध सर्फर. कॅलिफोर्नियात मालिबूला तर 1984 पासून सर्फरायडर नावाची संघटना आहे, त्यांचे लोक आज ठिकठिकाणचं पाणी बाटलीत भरून त्यातले जंतू तपासतात. आणि तू तुमच्याच बोर्डाबद्दलही बोललास, फोम, रेझिन, सगळं पेट्रोलियमचं, म्हणून तुटलेला बोर्ड टाकायचा नाही, दुरुस्त करून वापरायचा. दुसऱ्याकडे बोट दाखवायच्या आधी स्वतःचं सांगणारा माणूस मला लगेच पटतो.

तू जाताना जे सुचवलंस ते आम्ही केलं. वाडीचा आणि तुमच्या गोव्यातल्या अश्व्याच्या सर्फर पोरांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप झालाय. पाण्यात तुटकं जाळं दिसलं की तुम्ही फोटो आणि लोकेशन टाकायचं, ज्याचं असेल तो होडी घेऊन जाऊन आणणार. आतापर्यंत दोन जाळी परत आली, त्यातल्या एकात फक्त शिंपले आणि एक चप्पल होती, कासव नव्हतं. ज्याचं जाळं आपण कापलं त्याला भरपाईचं पण सांगितलं, 2018 पासून महाराष्ट्र सरकारची योजना आहे, कासवासारखा जीव सोडवताना जाळं फाटलं तर 25,000 रुपयांपर्यंत मिळतात. आमच्या वाडीत निम्म्या लोकांना हे माहीतच नव्हतं. ज्यांनी सांगायला हवं होतं ते सांगायला कधी आले नाहीत, तू चहाच्या कपावर सांगून गेलास.

तुझा टी-शर्ट आमच्याकडेच राहिलाय. आईने दोनदा धुतला, कासवाच्या पायाने खांद्यावर फाटलेला तिथे बाबांनी जाळ्याच्या सुईने विणलंय, गाठ रापणीचीच घातलीये, आई ओरडत होती शर्टाला कोणी असं शिवतं का म्हणून. पुढच्या रविवारी ये, दोघंतिघं आलात तरी चालेल. बांगडे मिळाले तर बांगडे, नाहीतर जे येईल ते. आणि बाबांनी विचारायला सांगितलंय की त्या फळीवर पासष्ट वर्षांचा माणूस उथळ पाण्यात नुसता बसला तर चालतं का.