डॅन्यूबकाठची वाट धाडसाची नव्हे, सोयीची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातील सायकलप्रवासांविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. लेख वाचनीय आहे. मात्र जर्मनीतील पासाउपासून ऑस्ट्रियातील व्हिएन्नापर्यंत जाणाऱ्या डॅन्यूबकाठच्या वाटेची गणना त्यात ‘धाडसी मोहिमां’मध्ये केली आहे आणि अशा प्रवासाला आपल्याच दमाचा जोडीदार हवा, असा सल्लाही दिला आहे. साठी ओलांडलेली माझी थोरली बहीण आणि मी गेल्या उन्हाळ्यात याच वाटेने गेलो. ताईचा आणि माझा वेग एक दिवसही जुळला नाही, तरी प्रवास सुरळीत पार पडला. त्याचे श्रेय आमच्या धाडसाला देणे म्हणजे त्या वाटेवर अन्याय करणे होईल, म्हणून हे पत्र.

ही वाट मुळात सायकलींसाठी झालेलीच नाही. वाफेच्या बोटी येण्यापूर्वी मालाने भरलेल्या नावा प्रवाहाविरुद्ध न्यायच्या तर काठावरून घोडे जुंपून त्या दोरखंडांनी ओढाव्या लागत, आणि घोड्यांना चालता यावे म्हणून नदीला अगदी लागून वाट राखलेली असे. घोडे गेले, वाट उरली. पुढे जलविद्युत केंद्रे उभी राहिली, काठ बांधून काढले गेले आणि देखभालीचे हे रस्ते सायकलस्वारांना मोकळे झाले. नदीचाच उतार वाटेलाही असल्यामुळे 300 किलोमीटरहून अधिक अंतरात आपण जेमतेम दीडशे मीटर खाली उतरतो. वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. म्हणून बहुतेक लोक पासाउहून व्हिएन्नाकडे जातात, उलट नव्हे. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या ‘युरोव्हेलो 6’ या 4,000 किलोमीटरहून लांब मार्गाचा हा सर्वांत गजबजलेला टप्पा असून त्यावर शाळकरी मुलांसह निघालेली कुटुंबेही सर्रास दिसतात.

जोडीदाराच्या दमाविषयी थोडे सविस्तर लिहितो. बॅटरीवर चालणारी सायकल भाड्याने घे, हा माझा आग्रह ताईने पहिल्याच दिवशी धुडकावून लावला. मग आम्ही एकत्र चालवण्याचा हट्टच सोडला. ती सकाळी लवकर निघे, मी न्याहारी उरकून मागून जाई. बहुतेक ठिकाणी दोन्ही काठांना वाट आहे, खुणेच्या पाट्या ठळक आहेत आणि कित्येक विद्युत केंद्रांच्या बंधाऱ्यांवरून सायकलसह पलीकडे जाता येते, त्यामुळे चुकामूक होण्याची धास्ती नव्हती. श्लोगेनला कठीण खडकामुळे नदी जवळजवळ उलट फिरते आणि डाव्या काठावर काही अंतर वाटच नाही. तिथे सायकली होडीत चढवाव्या लागतात. मी पोहोचलो तेव्हा ताईची सायकल होडीच्या कठड्याला टेकलेली होती आणि ती नावाड्याला खुणांनी ‘भाऊ येतोय, थांबा’ असे बजावत होती. पुढे तिचा गुडघा कुरकुरू लागला तेव्हा ती सायकलसह रेल्वेने मेल्कला गेली आणि संध्याकाळी मठाच्या पायथ्याशी मला भेटली. बॅगा तर रोज गाडीने पुढच्या मुक्कामी पोहोचत होत्या.

लेखात माउथहाउझेनचा उल्लेखही नाही, याचे आश्चर्य वाटले. नदीकाठच्या या टुमदार गावावरील टेकडीवर 1938 ते 1945 या काळात नाझींची छळछावणी होती आणि तिथे किमान 90,000 माणसे मारली गेली. कैद्यांना ग्रॅनाइटचे दगड पाठीवर घेऊन ज्या 186 पायऱ्या चढाव्या लागत, त्या आजही पाहता येतात. वाट सोडून वर जाणारा चढ चांगलाच दमवतो, तरी कोणी तो टाळू नये.

आम्ही सांगलीकर असल्यामुळे पासाउच्या नगरभवनाच्या भिंतीवरील पुराच्या खुणांपाशी बराच वेळ रेंगाळलो. इन, इल्झ आणि डॅन्यूब यांच्या संगमावरील या गावात 2013 साली पाणी 12.89 मीटरपर्यंत चढले होते. त्याहून उंच खूण थेट 1501 सालची आहे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराची पातळी पाहत 2019 चा ऑगस्ट काढलेल्यांना त्या भिंतीची भाषा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

सारेच गोड आहे असेही नाही. ओटेन्सहाइम ते लिंझ हा टप्पा मोठ्या रस्त्याला खेटून जातो. तो कंटाळवाणा आणि गोंगाटाचा आहे. रविवारी खेड्यांतील दुकाने बंद असतात, तेव्हा शिधा शनिवारीच घेऊन ठेवावा. शाकाहारींचे मात्र हाल होत नाहीत: वाखाउच्या खोऱ्यात जर्दाळू भरून उकडलेले गोळे मिळतात, ते मोदकाचे दूरचे नातलग आहेत असे ताईचे मत पडले.

शेवटी एक दुरुस्ती. विमान म्युनिकला उतरते म्हणून जर्मनीचा व्हिसा काढावा, असे लेखात सुचवले आहे. युरोपातील अनेक देशांना मिळून एकच व्हिसा चालतो, त्या शेंगेन व्यवस्थेच्या नियमानुसार ज्या देशात मुक्काम अधिक, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, म्हणजे या प्रवासात ऑस्ट्रियाकडे. उन्हाळ्यासाठी अर्ज करणाऱ्या वाचकांचा घोटाळा होऊ नये म्हणून ही दुरुस्ती पुढील पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली