थायरॉईडच्या रुग्णाचा मोतीबिंदू ‘वयाचा’ म्हणून सोडून देऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोतीबिंदू हा साठी उलटल्यावरचा आजार, अशी आपली पक्की समजूत असल्यामुळे चाळिशी-पंचेचाळिशीत तो निघाला की रुग्ण गोंधळतो, आणि त्यातून त्याला थायरॉईडचा आजार असेल तर घरचे, ओळखीचे आणि कधीकधी डॉक्टरही दोनच उत्तरे देतात : ‘थायरॉईड आहे ना, मग होणारच’ किंवा ‘वयाप्रमाणे थोडा लवकर आला इतकेच’. मी स्वतः थायरॉईडची रुग्ण आहे आणि ऐन मध्यमवयात मला मोतीबिंदू निघाला, म्हणून सांगते की ही दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत आणि त्यांच्यामुळे विचारायला हवे ते प्रश्न विचारलेच जात नाहीत.

आधी पहिल्या उत्तराबद्दल. थायरॉईडचे संप्रेरक कमी पडते म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेणाऱ्या सर्वसामान्य रुग्णाच्या बाबतीत, मोतीबिंदूचे थेट कारण म्हणून थायरॉईडकडे बोट दाखवावे इतका भक्कम पुरावा नाही. संबंध बहुतेक वेळा आडवळणाने येतो, म्हणजे आजारावरच्या उपचारांतून किंवा त्याच्या सोबतीने येणाऱ्या दुसऱ्या आजारांतून, आणि नेमके हेच आडवळण तपासता येण्याजोगे असते.

पहिले वळण स्टेरॉईडचे, म्हणजे सूज उतरवणाऱ्या औषधाचे. ग्रेव्हज या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉईड ग्रंथीवर उलटते आणि काही रुग्णांत ती डोळ्यांमागील स्नायू व चरबी यांनाही सुजवते. डोळे पुढे येतात, पापण्या वर ओढल्या जातात, दोन-दोन दिसू लागते. ही सूज मध्यम ते तीव्र असेल तर मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड शिरेतून आठवड्यातून एकदा, साधारण बारा आठवडे देतात आणि त्याची एकूण मात्रा बहुधा साडेचार ग्रॅमच्या आसपास जाते. शिवाय काहींना तोंडावाटे स्टेरॉईडच्या गोळ्याही दीर्घकाळ घ्याव्या लागतात, आणि मोतीबिंदूच्या दृष्टीने हा दीर्घकाळ अधिक महत्त्वाचा असतो. स्टेरॉईडमुळे होणारा मोतीबिंदू डोळ्यातील भिंगाच्या मागच्या बाजूला, आवरणाला लागून आणि बहुधा अगदी मधोमध होतो. त्यामुळे त्याची लक्षणे म्हाताऱ्या माणसाच्या मोतीबिंदूपेक्षा वेगळी असतात. मी मुद्रितशोधनाचे काम करते. टेबलावरचा दिवा जितका प्रखर करावा तितकी ओळ पुसट होते, अनुस्वाराचा ठिपका आधी नाहीसा होतो, मग ऱ्हस्व-दीर्घाच्या वेलांट्या एकमेकींत मिसळतात, आणि दिवा थोडा बाजूला सरकवला की तीच ओळ पुन्हा वाचता येते. याचे कारण सरळ आहे : प्रखर प्रकाशात आणि जवळचे पाहताना बाहुली आकसते, आणि मधोमध असलेला डाग तेवढ्याशा वाटेवर बरोबर आडवा येतो. अंधाऱ्या खोलीतला नजर तपासण्याचा अक्षरांचा तक्ता अशा वेळी बऱ्यापैकी वाचता येतो, म्हणून ‘नजर चांगली आहे’ असा शेरा मिळतो. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपतात ही तक्रार मात्र तक्त्यावर कुठेच उमटत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून स्लिट लॅम्पखाली, म्हणजे नेत्रतज्ज्ञाच्या प्रकाशझोत असलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली, भिंग पाहिल्याशिवाय असा मोतीबिंदू सहज निसटतो.

याचा अर्थ स्टेरॉईड नाकारावे असा कुणी कृपया घेऊ नये. डोळ्यांमागची सूज दृष्टीच्या मज्जातंतूवर दाब देऊ लागली तर हेच औषध दृष्टी वाचवते. मोतीबिंदू काढता येतो, सुकलेला मज्जातंतू बदलता येत नाही, एवढा फरक पुरेसा आहे.

दुसरे वळण मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण त्याची चर्चा फारच कमी होते. थायरॉईडच्या मागे सामान्यतः चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. त्या अगदी लहान, जेमतेम काही मिलिमीटरच्या, पण रक्तातील कॅल्शियमचा तोल त्या सांभाळतात. थायरॉईड काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेत त्यांना किंवा त्यांच्या रक्तपुरवठ्याला इजा झाली तर कॅल्शियम घसरते. बहुतेकांत ते काही आठवड्यांत सावरते, काहींत मात्र कायमचे कमी राहते, आणि दीर्घकाळ कमी राहिलेले कॅल्शियम हे मोतीबिंदूचे जुने, सुपरिचित कारण आहे. ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येणे, पोटऱ्यांत किंवा हातात गोळे येणे अशा खुणा रुग्ण अशक्तपणाच्या खात्यात टाकतो. शस्त्रक्रियेनंतर दरवेळी टीएसएच (थायरॉईडचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे संप्रेरक) तपासले जाते, कॅल्शियम मात्र पहिल्या काही महिन्यांनंतर विस्मरणात जाते. एका साध्या रक्ततपासणीचा हा प्रश्न आहे.

डोळ्यांमागची सूज उतरवण्यासाठी खोबणीला किरणोपचार दिले असतील तर तेही मोतीबिंदूला हातभार लावू शकतात. मधुमेह, विशेषतः पहिल्या प्रकारचा, स्वयंप्रतिरोधी (आपलीच प्रतिकारशक्ती उलटल्याने होणाऱ्या) थायरॉईड आजारासोबत अनेकदा आढळतो आणि तो मोतीबिंदू लवकर आणतो. धूम्रपान तर दोन्हीकडून मारते : ग्रेव्हजमधील डोळ्यांचा त्रास वाढवते आणि भिंगही गढूळ करते.

धूसर दिसण्याचा सगळा दोष मोतीबिंदूवर ढकलण्याची चूकही इथेच होते. दोन-दोन दिसत असेल तर एक डोळा झाकून पाहावे. झाकल्यावर दुसरी प्रतिमा नाहीशी झाली तर दोन्ही डोळ्यांचा मेळ बिघडला आहे, म्हणजे बहुधा स्नायूंची सूज. एकाच डोळ्यानेही दोन दिसत राहिले तर दोष भिंगात किंवा डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलात शोधावा. आणि रंग, त्यातही लाल रंग, एका डोळ्याला फिका दिसू लागला तर ‘मोतीबिंदू पिकतो आहे’ म्हणून थांबू नये. तो मज्जातंतूवरच्या दाबाचा इशारा असू शकतो आणि त्यासाठी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेबाबतही मध्यमवयातला हिशेब वेगळा असतो. हेरॉल्ड रिडली यांनी 1949 मध्ये पहिले कृत्रिम भिंग बसवले आणि चार्ल्स केलमन यांनी 1967 मध्ये ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याची पद्धत आणली, तेव्हापासून ‘पिकेपर्यंत थांबा’ या सल्ल्याला आधार उरलेला नाही. परंतु घाईलाही नाही. पंचेचाळिशीत नैसर्गिक भिंगात जवळ-दूर जुळवून घेण्याची थोडीफार लवचिकता शिल्लक असते आणि ती शस्त्रक्रियेने एका दिवसात जाते. साधे कृत्रिम भिंग एकाच अंतरावर स्पष्ट दाखवते. त्यावर तोडगा म्हणून बहुकेंद्री भिंग आग्रहाने सुचवले जाते, पण डोळे कोरडे पडणाऱ्या, दोन-दोन दिसणाऱ्या किंवा मज्जातंतूला इजा झालेल्या थायरॉईडच्या रुग्णाला ते बहुधा मानवत नाही. कोरड्या डोळ्यावर घेतलेले भिंगाच्या नंबरचे मापही चुकू शकते, म्हणून आधी कोरडेपणावर उपचार करावेत. डोळ्यांची सूज शांत झालेली असावी, रक्तातील थायरॉईड संप्रेरकाचे प्रमाण आटोक्यात असावे, आणि खोबणीची किंवा तिरळेपणाची शस्त्रक्रिया व्हायची असेल तर कोणती आधी हे नेत्रतज्ज्ञांनी आपसात ठरवून रुग्णाला सांगावे. हे संप्रेरक अनियंत्रित वाढलेले असताना ठरवून करायची शस्त्रक्रिया पुढे ढकलणेच शहाणपणाचे असते.

अडचण अशी की संप्रेरकांचे डॉक्टर रक्ताचा अहवाल पाहतात, डोळ्यांचे डॉक्टर भिंग पाहतात आणि मधली माहिती रुग्णाच्या पिशवीत राहते. आरोग्यखाते आणि वैद्यकीय संघटना यांना आपल्या पत्रामार्फत माझी विनंती आहे की, स्टेरॉईडचा कोर्स संपताना रुग्णाच्या कागदावर एकूण मात्रा आणि कालावधी लिहिणे, हा कोर्स सुरू करण्यापूर्वी व संपल्यावर बाहुली मोठी करून भिंग तपासणे, आणि थायरॉईडची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचे कॅल्शियम वार्षिक तपासणीत समाविष्ट करणे, एवढे तरी नेमाने व्हावे. तोवर रुग्णांनी हे तीन मुद्दे स्वतःहून विचारावेत. डॉक्टर घाईत असले तरी उत्तर द्यायला फार वेळ लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक