चित्रपटांच्या डिस्कनाही ग्रंथालयात जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली अठरा वर्षे मी देशोदेशींच्या अभिजात चित्रपटांच्या, निगुतीने काढलेल्या डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे (डीव्हीडीहून अधिक स्पष्ट चित्र देणाऱ्या डिस्क) आवृत्त्या जमवत आलो आहे. त्यांची संख्या आता तीनशेच्या पुढे गेली आहे. माझ्यामागे हा संग्रह भंगारात जाऊ नये, म्हणून मागच्या महिन्यात मी नाशिक शहरातील एका ग्रंथालयाकडे तो देणगीदाखल स्वीकारावा अशी विनंती केली. तेथील मंडळींनी सौजन्याने ऐकून घेतले आणि ‘आम्ही फक्त पुस्तकेच घेतो’ असे सांगितले. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. परंतु पुस्तक म्हणजे ज्ञानाचे साधन आणि चित्रपटाची डिस्क म्हणजे करमणुकीची वस्तू, ही जी समजूत त्या उत्तरामागे आहे, ती तपासून पाहण्याची वेळ आली आहे असे मला मनापासून वाटते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा ठिकठिकाणची हस्तलिखिते गोळा करून, पाठभेद ताडून संहिता निश्चित करण्यात आली. जुन्या चित्रपटाची चांगली आवृत्ती काढणाऱ्यांनाही नेमके हेच करावे लागते. फ्रिट्झ लँग यांचा ‘मेट्रोपोलिस’ हा १९२७ सालचा जर्मन मूकपट पहिल्या प्रदर्शनानंतर लवकरच कापला गेला आणि कापलेला भाग कायमचा हरवला असे मानले जात होते. २००८ साली ब्यूनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात त्याची एक १६ मिलिमीटर रुंदीच्या फितीवरची प्रत ओळखली गेली आणि तीत सुमारे २५ मिनिटांचा हरवलेला भाग मिळाला. ती प्रत ओरखड्यांनी भरलेली होती आणि तिच्यातील चौकट कडेने कापलेली होती. आज डिस्कवर हा चित्रपट पाहताना त्या भागातील ओरखडे आणि कापलेली कडा स्पष्ट दिसते, त्यामुळे कोणता भाग कोठून आला हे प्रेक्षकाला कोणी न सांगताही कळते. संपादकाने प्रक्षिप्त वा संदिग्ध ओळ कंसात छापावी, तसाच हा प्रामाणिकपणा आहे.

सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची, म्हणजे अपू या मुलाच्या आयुष्यावरील तीन बंगाली चित्रपटांची, कथा तर आपल्या अधिक जवळची आहे. १९९३ साली लंडनमधील एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. जे वाचले ते अमेरिकेतील ऑस्कर अकादमीच्या संग्रहात जपून ठेवण्यात आले, आणि कित्येक वर्षांनी इटलीतील बोलोन्या येथील तंत्रज्ञांनी वाळून ठिसूळ झालेल्या त्या फिती ओलावा देऊन पुन्हा लवचिक केल्या आणि जवळपास एक हजार तास हातांनी दुरुस्त केल्या. ‘पथेर पांचाली’चा चाळीस टक्के आणि ‘अपराजितो’चा साठ टक्क्यांहून अधिक भाग अशा रीतीने थेट मूळ निगेटिव्हवरून परत मिळाला, उरलेला भाग इतरत्र जपलेल्या प्रतींवरून घ्यावा लागला. २०१५ साली निघालेल्या ब्ल्यू-रे संचात या साऱ्या कामाची हकीकत चित्रपटांसोबतच दिलेली आहे. ‘पथेर पांचाली’तील अपूच्या बहिणीच्या, दुर्गेच्या, आजारपणातील वादळाच्या रात्रीचा प्रसंग मी पूर्वी अनेकदा पाहिला होता, पण अंधारात हलणारा पडदा, दाराच्या फटी आणि आईच्या चेहऱ्यावरची भीती ही एकमेकांपासून वेगळी दिसू शकतात, हे मला त्या संचामुळे प्रथमच उमगले.

या डिस्कवर चित्रपटाइतकेच मोलाचे असते ते सोबतचे साहित्य. क्रायटेरियन या अमेरिकी प्रकाशन संस्थेने १९८४ मध्ये लेझरडिस्कवर, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या मोठ्या तबकडीवर, ‘किंग काँग’ काढला, तेव्हा त्याच्या दुसऱ्या ध्वनिपट्टीवर अभ्यासकाचे भाष्य ध्वनिमुद्रित केले होते. दृश्य पुढे सरकत असताना जाणकार ते उलगडून सांगत जातो. मूळ श्लोकासोबत टीका वाचण्याची परंपरा असलेल्या आपल्या समाजाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही.

‘हे सगळे आता मोबाइलवर मिळते’ असे मला नेहमी सांगितले जाते. सगळे मिळत नाही, आणि जे मिळते ते राहील याची शाश्वती नाही. हक्कांचा करार संपला की चित्रपट तेथून गुपचूप नाहीसा होतो. शिवाय इंटरनेटवरून पाठवताना चित्र बरेच दाबले जाते आणि त्याचा फटका नेमका अंधाऱ्या दृश्यांना बसतो.

हा संग्रह करणे सोपे नव्हते. ब्ल्यू-रेसाठी जगाचे तीन विभाग केलेले आहेत. अमेरिकेतील बहुतेक डिस्क ए विभागाच्या, युरोपातील बी विभागाच्या, आणि भारत सी विभागात. त्यामुळे परदेशातून येणाऱ्या भाच्याकडे डिस्क मागवल्या, तरी त्या येथील साध्या प्लेअरवर चालत नाहीत, सर्व विभाग वाचणारे यंत्रच घ्यावे लागते. डिस्क उभ्या ठेवाव्या लागतात, पावसाळ्यात सोबतच्या पुस्तिकांना बुरशी धरते, म्हणून कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या लागतात. पण एखाद्या ग्रंथपालाला ही निगा अवघड वाटू नये.

माझ्या कपाटातील सर्वांत दुबळा खण मराठीचा आहे, याचे मला फार वाईट वाटते. १९३६ चा ‘संत तुकाराम’ आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणारा ‘श्यामची आई’ यांच्या माझ्याकडे केवळ जुन्या व्हीसीडी आहेत. चित्र धूसर, कोपऱ्यात कंपनीचे बोधचिन्ह, आणि प्रत कोणत्या फितीवरून घेतली याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो, म्हणजे या दोन्ही चित्रपटांचा हक्क केव्हाच संपला आहे. अडसर आहे तो चांगली प्रत शोधून ती सिद्ध करण्याच्या कष्टांचा आणि खर्चाचा. दादासाहेब फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, त्यांच्या कंपनीचे चित्रपट नाशिकमध्ये घडले आणि त्यांचे निधनही १९४४ साली येथेच झाले. ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झालेल्या त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा मात्र अवघा काही भाग आज उरला आहे. जपले नाही तर काय होते, हे नाशिककरांना दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज पडू नये.

म्हणून माझी विनंती अशी की, शहरातील एखाद्या ग्रंथालयाने किंवा पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकाने एक कपाट, सर्व विभागांच्या डिस्क वाचणारा एक प्लेअर, एक पडदा आणि दोन हेडफोन एवढीच सोय करावी. या डिस्क घरगुती वापरासाठी विकलेल्या असतात, त्यामुळे जाहीर खेळ करावयाचा झाल्यास परवानगी घ्यावी लागेल. पण अभ्यासकाने तेथेच बसून एकट्याने पाहण्याची व्यवस्था कायद्याचा सल्ला घेऊन नक्की बसवता येईल. नोंदवहीत दिग्दर्शक आणि वर्ष यांच्याबरोबरच प्रत कोणत्या निगेटिव्हवरून केली हेही लिहावे, कारण चित्रपटाच्या विद्यार्थ्याला तीच माहिती सर्वांत आधी लागते.

माझ्या तीनशे डिस्कची अशी यादी मी हाताने लिहून पूर्ण केली आहे. ज्या संस्थेची तयारी असेल तिने आपल्या वृत्तपत्रामार्फत कळवावे. यादी, डिस्क आणि माझा प्लेअर मी स्वतः आणून देईन, आणि पहिले वर्षभर आठवड्यातून दोन दिवस तेथे बसून नोंदी व निगा यांचे काम विनामूल्य करीन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
इंदिरानगर, नाशिक